बाळंतिणीच्या खोलीतला हिवताप

मी त्या खोलीत मेले असते तर आईने गावाला सांगितलं असतं, सुमन सुवारोगानं गेली. गावाने ते मानलं असतं. सासरच्यांनीही मानलं असतं. माझ्यामागे माझी मुलगी गेली असती तर त्याचंही कुणाला नवल वाटलं नसतं. आईविना तान्हं पोर जगतंय कुठं, असं म्हणून बायका आपापल्या चुलीकडे वळल्या असत्या.

आम्ही दोघी जगलो, म्हणून हे लिहिते आहे. तो सुवारोग, म्हणजे बाळंतरोग, नव्हता. हिवताप होता, डास चावून होतो तोच. गोळ्यांनी बरा होतो. बाळंतिणीलाही होतो आणि तान्ह्या पोरालाही होतो, एवढं एक वाक्य आमच्या घराला कळायला माझी पोर मरणाच्या दारात जावी लागली.

मी बी.ए. आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते मला फार जणांनी ऐकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, मुलगे धरून. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

*

सासर माझं भिंगारला. आमचे हे तिथे लष्कराच्या कचेरीत कारकून आहेत. माहेर श्रीरामपूर तालुक्यात, पाटाच्या पाण्यावरच्या गावी. बाकीचा जिल्हा तेव्हा दुष्काळाने करपत होता, माणसं खडी फोडायला जात होती. आमच्या गावाला थोडंफार का होईना पाटाचं पाणी मिळायचं आणि गावाला त्याचा माज होता. आमच्या घरामागून पाटाची चारी जाते. तिला गळती. परसात कायमचं डबकं, आणि संध्याकाळ झाली की त्यावर डासांचा नुसता ढग.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यातच मला आणलं. त्याच सुमारास डीडीटीची फवारणीवाली माणसं आली. आई त्यांच्यावर खूश असायची, कारण त्या औषधाने ढेकूण मरतात. तिने सगळ्या भिंती मारून घेतल्या. जाताना त्यांचा मुकादम म्हणाला, "मावशी, भिंतीवर हात फिरवू नका आता. पोतारू नका. औषध भिंतीवर राहिलं तर डास बसला की मरंल."

"व्हय व्हय," आई म्हणाली.

आमच्याकडे बाळंतिणीची खोली आधी पोतारतात. पांढरी माती आणि शेण कालवून भिंतींना दोन हात द्यायचे, जमीन सारवायची, कोपऱ्यात सटवीसाठी जागा करायची. माझे दिवस भरत आले तशी आई पदर खोचून भिंतींना लागली. मी म्हटलं, "आई, त्यांनी नको सांगितलंय. औषध झाकलं जाईल."

"जल्माला येनाऱ्या पोरानं डोळं उघडून काय बघायचं? इखाचं डाग?"

घरातल्या बाकी सगळ्या भिंतींवर औषध राहिलं. गोठ्याच्या भिंतीवरही राहिलं. फक्त ज्या खोलीत मी आणि माझं बाळ सव्वा महिना पडून राहणार होतो, तिच्या चारही भिंती आईने लख्ख केल्या. डासांनाही ती खोली पसंत पडली असणार. खिडकीला गोधडी लावलेली, आत अंधार, ऊब, आणि दोन माणसं जागची न हलणारी.

*

मुलगी झाली. "पयली बेटी," म्हणून बायकांनी तोंडं गोड केली, पण फार नाही.

पाचवी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला थंडी भरली. मी थंडी म्हणते, पण ती थंडी नव्हे. पाठीच्या कण्यातून कुणीतरी गार पाण्याची दोरी ओढत नेतंय असं वाटलं आणि दात वाजायला लागले. बाज खडखडायला लागली. सुंदराकाकूंनी, माझ्या चुलतीने, पोर माझ्या कुशीतून उचलली. नाहीतर माझ्याच कोपराखाली ती चेंगरली असती. मग ताप. डोळ्यांच्या खोबणीतून वाफ निघतेय असा ताप. मग घाम. मग काहीच नाही, नुसता चोथा.

आईने बाजेखाली आणखी एक शेगडी सरकवली. ओव्याची धुरी केली. कानाला फडकं घट्ट बांधलं.

"पाणी दे," मी म्हटलं.

"बाळंतिनीला गार पानी? येडी हायेस का?"

ओव्याचं कोमट पाणी ती वाटीने द्यायची, दोन घोट. तापात माझी जीभ लाकडासारखी झाली होती. माठ दाराबाहेरच होता, त्याच्यावर पालथा ठेवलेला तांब्या मला दिसायचा. त्या दिवसांत मला पोरीपेक्षा त्या तांब्याची ओढ लागली होती. ज्या आयांना हे वाचून वाईट वाटेल त्यांनी तापात तहान काढून बघावी.

दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत. तिसऱ्या दिवशी, जेवणं उरकतात त्या सुमाराला, पुन्हा तेच. चौथ्या दिवशी पुन्हा बरी. असा आडदिवसाचा ताप कशाचा असतो ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो बाजेवर आला की त्याचं नाव बदलतं.

"आई, हा हिवताप आहे. मलेरियाचा."

"बी.ए. म्हंजी डाक्टर न्हवं."

"पालथी पडून पुस्तक वाचती ना, मग यील न्हाई तर काय?" सुंदराकाकू म्हणाल्या. "बाळंतिनीनं डोळ्याला तान देऊ नये. आमी काय बाळंतपनं काढली न्हाईत? एक डाव तरी ताप आला का?"

"काकू, तुमची दोन गेली की."

"ती त्यांच्या कर्मानं गेली," काकू म्हणाल्या आणि पोरीला तेल लावत बसल्या.

*

दर पंधरवड्याला मलेरियावाला घरोघर यायचा. खाकी पिशवी, सायकल, घाईत असलेला माणूस. दारातूनच विचारायचा, ताप कुणाला आहे का. असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचा, चार गोळ्या द्यायचा, भिंतीवर आल्याची खूण करून पुढच्या घरी जायचा.

तो आला तेव्हा माझा बरा दिवस होता. बाजेवरून त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"मावशी, ताप कुनाला?"

"कुनाला न्हाई बाबा."

"मला आहे!" मी आतून ओरडले. "मला आडदिवसाचा ताप येतो!"

मग आई हसली. माझी आई फार छान हसते. "बाळंतीन हाय. दूध उतरतंय, तवा आंग तापतंय. पयलटकरीन हाय, घाबरती."

"मग ते आपल्यात येत न्हाई," तो म्हणाला. "बाळंतिनीला आमी हात लावत न्हाई, मावशी. जास्त वाटलं तर दवाखान्यात न्या." आणि सायकलची घंटी वाजली.

आई आत आली. मला वाटलं होतं चिडेल. पण ती बाजेच्या कडेला बसली आणि हळू आवाजात बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझं बारसं तोंडावर आलंय. भिंगारची मानसं येनार. एकदा का त्यास्नी कळलं पोरगी माह्यारात तापानं पडली, तर मरंस्तवर ऐकवतील. धड बाळंतपन बी करता आलं न्हाई म्हनतील. मला न्हाई म्हननार, तुला म्हनतील. तुला तिथंच नांदायचंय."

तेव्हा मला उलगडलं. आईला हिवताप ओळखता येत नव्हता असं नाही. तिला तो ओळखायचा नव्हता.

*

पुढचं सांगते ते ऐकून लोक हसतात. मला हसू येत नाही.

बाराव्या दिवसाचं बारसं आमच्याकडे संध्याकाळी असतं. मी तापाची पाळी मोजली, तर तो नेमका थंडीचा दिवस येत होता. आईला मी काहीच बोलले नाही. पण आदल्या दिवशी तिने नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं, "भिंगारला निरोप धाडा. सकाळच्या पयल्या यष्टीनं या म्हनावं. बारसं सकाळीच करायचं."

"सकाळी का गं?" नानांनी विचारलं.

"मुहूर्त हाय."

मुहूर्त! ज्या बाईने मला तोंडावर सांगितलं की हा दुधाचा ताप आहे, तिने माझ्या थंडीची वेळ धरून बारसं अलीकडे ओढलं. जेवणं उरकायच्या आत पाळणा हलला पाहिजे होता.

हललाही. घुगऱ्या वाटल्या, कुंची बांधली, नाव ठेवलं कुसुम. माझ्या गालांना आईने हळद-कुंकू जरा जास्तच लावलं, पिवळेपणा झाकायला. सासूबाई पाळण्यापाशी उभ्या होत्या. मी सगळ्या बायकांदेखत म्हटलं, "आत्याबाई, मला हिवताप आहे. आता तासा-दोन तासांत थंडी भरेल. मला श्रीरामपूरला न्या, रक्त तपासा."

आईची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

सासूबाईंनी आईकडे बघितलं. आईने डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. सासूबाई हसल्या. "अगं, दुधाचा ताप येतोच बाळंतिणीला. आम्हाला काय आला नव्हता? शिकलेल्या सुनेचं हे असं. शिंक आली तरी दवाखाना."

बायका हसल्या. ह्यांना बाहेर पुरुषांत निरोप गेला. हे दारापर्यंत आले. आत यायची चाल नाही.

"कशी आहेस?"

"हिवताप आहे मला."

"आई म्हणते दुधाचा आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

ह्यांनी मागे वळून बघितलं. माजघरात पानं वाढली होती. "जेवून येतो," म्हणाले. जेवून आले तेव्हा मी गोधडीखाली थडथडत होते आणि आईने दार लोटून घेतलं होतं. "निजली हाय," आई म्हणाली. दुपारच्या गाडीने सगळे परत गेले.

*

माझं जे व्हायचं ते झालं असतं. पण पोर.

मोठ्या माणसाचा हिवताप गाजावाजा करत येतो. तान्ह्या पोराचा तसा येत नाही, हे सगळ्या आयांनी लक्षात ठेवावं. तिला थंडी भरली नाही, ती कापली नाही. तिचं अंग नुसतं कढत राहू लागलं. मग ती आधी ओढायची तशी ओढीना. मग रडणं बारीक झालं. महिना भरत आला तेव्हा तिचे तळवे माझ्या तळहातावर ठेवून मी बघितले. कागदासारखे पांढरे. ओठही पांढरे.

"रंग उजळतोय पोरीचा," सुंदराकाकू म्हणाल्या.

मी आईला म्हटलं, "पोर मरतीय."

"शुभ बोल."

"शुभ बोलून रक्त वाढत नाही."

आईने पोरीची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या शेगडीत टाकल्या, धुराने पोर ठसकली. ठसकायचीही ताकद नव्हती तिला.

त्याच आठवड्यात दाराशी पुन्हा घंटी वाजली. "ताप कुनाला?" आईचं उत्तर यायच्या आत मी बाजेवरून उतरले. महिनाभरात मी त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पोरीला छातीशी धरून, भिंत धरत, मी ओटीवर आले आणि सगळ्यांसमोर त्या परक्या माणसापुढे बसले. बोट पुढे केलं.

"घ्या रक्त. माझं घ्या, आणि हिचं घ्या."

"सुमे, आत हो!" आई किंचाळली. "सव्वा म्हैना झाला न्हाई! घर बाटवतीस का?"

मलेरियावाला गडबडला. "बाई, तुमच्या घरच्यांनी..."

"घरच्यांना ताप नाही. मला आहे."

त्याने माझ्या बोटाला टोचलं. पोरीच्या टाचेला टोचलं. तिने रडायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. टाचेतून जे आलं ते रक्त म्हणायला लाज वाटावी असं, गुलाबी पाणी. ते बघून तो माणूस घाईतून पहिल्यांदा थांबला.

"ह्याचा निकाल यायला लई दिवस लागतील. तवर थांबू नका. एवढ्या लहानग्याला मी गोळी देत न्हाई, मला परवानगी न्हाई. आजच्या आज दवाखाना गाठा." मला त्याने चार गोळ्या दिल्या.

आईने हात पुढे केला. "द्या हिकडं, मी दिईन तिला. कडू औषधानं दूध आटतं."

मी चारही गोळ्या तिथेच तोंडात टाकल्या. ओटीवरच्या माठात तांब्या बुडवला आणि गार पाणी प्यायले. पहिला तांब्या संपला, दुसरा घेतला. आयुष्यात मी त्याहून चांगलं काही खाल्लं-प्यायलेलं नाही.

नाना ओटीच्या कोपऱ्यात उभे होते. आमच्या घरात ते फारसं बोलत नाहीत, आईपुढे तर नाहीच. ते उतरले आणि बैलगाडी जुंपायला लागले.

*

श्रीरामपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. पोरीची पापणी खाली ओढून बघितली, पोट चाचपलं. "पानथरी, प्लीहा, सुजलीय; हाताला लागतेय. किती दिवस ताप?"

मी सांगितलं.

"तू शिकलेली दिसतेस."

"बी.ए."

"आणि बी.ए. होऊन पोरीला या अवस्थेपर्यंत घरात ठेवलीस? अडाणी बायका बऱ्या म्हणायच्या."

घरी मी बी.ए. होते म्हणून माझं कुणी ऐकत नव्हतं. इथे मी बी.ए. होते म्हणून गुन्हेगार. पोर त्यांच्या हातात होती.

रक्त द्यावं लागेल, आधी बापाचं बघू, म्हणाल्या. निरोप गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि सासूबाई भिंगारहून आले. रक्ताचं ऐकून हे सासूबाईंकडे बघायला लागले.

"त्याला नोकरीवर उभं राहायचं असतं," सासूबाई म्हणाल्या. "कचेरीत काम का कमी असतं?"

"थोडंसंच लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थोडं म्हणून सुरुवात होते."

नानांनी बंडीची बाही वर केली. "माझं बघा जुळतंय का. मला कुठं कचेरीत जायचंय." त्यांचं जुळलं. काळ्या, उन्हाने रापलेल्या हातातून ते निघालं आणि माझ्या पोरीच्या पायाच्या शिरेत थेंब थेंब गेलं. मी तो पाय धरून बसले होते. संध्याकाळपर्यंत तिच्या नखांवर गुलाबी रंग आला. मी आजवर बरंच काही वाचलं आहे. त्या नखांइतकं लक्ष देऊन काही वाचलेलं नाही.

दवाखान्यातले दिवस बहुतेक सारखे होते. सकाळी फरशी पुसायचा फिनेलचा वास, मग थर्मामीटर, मग सिस्टर गोळी कुटून साखरेच्या पाण्यात कालवून आणायच्या. पोर अर्धी थुंकायची. सिस्टर म्हणायच्या, "पुन्हा. थुंकलेली मोजायची नाही." माझं दूध तोवर आटलं होतं. आटलं ते तापाने आणि तहानेने, गोळ्यांनी नव्हे. हे मुद्दाम लिहिते, कारण आई अजून उलटं सांगते.

आई दवाखान्यात आली नाही. तिने घर शेणाने सारवून घेतलं, गोमूत्र शिंपडलं. नाना डबा घेऊन यायचे. त्यात डिंकाचे लाडू असायचे, आईच्याच हातचे. निरोप काही नसायचा. लाडू मी खाल्ले. राग आणि भूक एका पोटात राहतात.

*

दवाखान्यातून मी माहेरी गेले नाही, सरळ भिंगारला आले. आईला ज्याचं भय होतं ते सगळं तसंच्या तसं झालं. आल्यागेल्याला सासूबाई सांगतात, "माहेरच्यांना धड बाळंतपण करता आलं नाही." काही महिन्यांनी मला पुन्हा थंडी भरली. हा ताप अंगात दडून बसतो आणि परत उठतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सुना माहेराहून लुगडं आणतात. आमचीनं ताप आणला."

मी म्हटलं, "बारशाच्या दिवशी तुम्ही पाळण्यापाशी उभ्या होतात, आत्याबाई. तेव्हाच सांगितलं होतं." त्यानंतर दोन दिवस त्या माझ्या हातचं जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवल्या.

कुसुमलाही पुन्हा ताप आला. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. पहिल्याच तापाला पोर उचलून दवाखान्यात नेली आणि गोळ्या घेऊन आले.

त्याच आठवड्यात आई भिंगारला आली, पहिल्यांदाच. तिने पोरीला मांडीवर घेतलं, पाय चोळले, आणि शेजारच्या बायका जमल्या तशी सांगायला लागली, "माझ्या हातचा शेक लागलाय म्हनून हाडं बघा कशी हायेत. न्हाईतर येवढ्या तापात कुनाचं पोर राहतंय?"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"पुढल्या खेपंला सातव्यातच धाडा हिला," आई सासूबाईंना म्हणाली. "ह्या डावाला नजर लागली. पुढल्या डावाला मी निगुतीनं करीन."

"पुढचं बाळंतपण मी दवाखान्यात करणार," मी म्हटलं. "तुझ्या घरी नाही."

"सुमे, चारचौघांत..."

"चारचौघांतच सांगते. तुझ्या त्या खोलीत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. माझी मुलगीही मोठी होऊन ठेवणार नाही. तुला ताप कळत होता, आई. बारसं तू सकाळी घेतलंस."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आईच्या तोंडावरून ते हसणं गेलं आणि तिथे काहीच आलं नाही. तिने पोर सतरंजीवर ठेवली, पिशवी उचलली आणि पायात वहाणा घातल्या. उन्हं डोक्यावर होती. ती जेवलीही नव्हती.

"अगं, निदान थांबव तरी," हे मला म्हणाले. मग स्वतःच तिला स्टँडवर सोडायला गेले. गल्लीच्या तोंडाशी आईने एकदा मागे बघितलं असं शेजारणीने मला नंतर सांगितलं.

मी बघितलं नाही. कुसुमच्या गोळीची वेळ झाली होती. मी गोळी कुटली, गुळाच्या पाण्यात कालवली, तिचं नाक धरून चमचा आत घातला. तिने सगळी माझ्या अंगावर थुंकली. मी दुसरी कुटायला घेतली.